चंदनाला बिलगलेलं बिननावाचं रोप

“आणि नाव काय त्याचं?” बुवांनी विचारलं.

हैबती चंदनाच्या आळ्यापाशी उकिडवा बसला होता. हातात खुरपं, आणि खुरप्याचं टोक एका वीतभर हिरव्या रोपाच्या बुडाशी टेकलेलं.

“नाव कशाला पायजे, बुवा? तण हाय त्ये.”

“असेल. त्याचं नाव?”

हैबतीने एक पान चुरगळून हुंगलं. देठ मोडून चीक येतो का ते पाहिलं. दुसरं पान उलटं करून उन्हात धरलं. मग खुरपं खाली ठेवलं.

“नाव… न्हाई म्हाईत.”

मी बुवांसाठी ताक घेऊन गेलो होतो, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं. खोटं कशाला बोलू, मला मनातून गुदगुल्या झाल्या. मठाची कोठी माझ्याकडे आहे, आणि कोठीमागे मी लावलेल्या पुदिन्याला ह्या माणसाने ‘उकिरडा’ म्हटलं होतं, तेही चार पाहुण्यांसमोर.

हैबती म्हणजे साधा माळी नव्हे. एका साखर कारखान्याच्या बागेवर तो बावीस वर्षं हेडमाळी होता. निवृत्त झाला, बायको गेली, मुलं पुण्याला लागली, तेव्हा आमच्या धोंडेवाडीच्या मठात आला आणि बुवांच्या पायाशी बसला. यादवबुवांनी त्याच्या गळ्यात माळ घातली आणि मठामागची बाग दाखवली.

“हे तुझं,” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून बागेत तणाची काडी राहिली नाही. हैबती पैज लावायचा. म्हणायचा, “एक काडी दावा, मिशा उतरवतो.” कोणाला काही सापडायचं नाही. मी चष्मा लावून शोधलेलं आहे.

आता आमच्या मठाची एक जुनी रीत सांगायला हवी. औषधासाठी मुळी काढायची, तर आदल्या संध्याकाळी त्या झाडापाशी जायचं. त्याला नावाने हाक मारायची. बुडाशी अक्षत टाकायची आणि सांगायचं, “उद्या सकाळी तुला न्यायला येतो.” वैदू लोकांत हे चालतंच. आमच्या मठात ते तणालाही लागू आहे. नाव घेतल्याशिवाय इथे काडीसुद्धा उपटत नाहीत.

हैबतीने त्यावर आपली तोड काढली होती. रोज संध्याकाळी तो बागेच्या मधोमध उभा राहायचा आणि एका दमात म्हणायचा, “हरळी, लव्हाळा, केना, आघाडा, माठ, समदे तयार ऱ्हावा, उद्या येतोय.” मग मूठभर अक्षत चहूकडे उधळायची. काम झालं.

बुवा हे बघत आणि काही बोलत नसत.

पण ह्या रोपाला हाक कशी मारणार?

“अहो बुवा,” हैबती अजिजीने म्हणाला, “चंदनाला बिलगून आलंय त्ये. शेणखत, लेंडीखत मी घालतो चंदनाला, आन् फुगतंय हे. आजच्या आज काढाय पायजे.”

“काढ की. नाव घे आणि काढ.”

“नाव ठावं न्हाई म्हनून चंदन मरू दिऊ?”

बुवांनी ताकाचा पेला तोंडाला लावला. सावकाश प्याले. पेला माझ्या हातात दिला…

“नाव शोध,” म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले.

हैबती तसाच बसून राहिला. त्याचा चेहरा बघून माझ्या गुदगुल्या थांबल्या.

कारण ते चंदन साधं नव्हतं. मठाचं जुनं चंदन समाधीच्या डाव्या हाताला होतं. आठ वर्षांपूर्वी चोरांनी ते बुंध्यापासून कापून नेलं. तेव्हापासून समाधीला मी बाजारातली गंधाची पुडी कालवून लावतो, आणि तिला वास येतो तो अगरबत्तीचा. हैबती आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर चंदनाचं रोप आणलं. ते दिवाळीनंतर पिवळं पडलं आणि शिमग्याला वाळलं. दुसऱ्या वर्षी दुसरं. तेही तसंच. तिसरं, चौथं… सहा रोपं गेली.

सातवं लावलं ते गेल्या आषाढात. त्या दिवशी हैबतीने समाधीच्या पायरीवर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं, “ह्यो सातवा. ह्यो बी गेला, तर खुरपं हितं ठिवीन आन् पुन्ना मातीला हात लावनार न्हाई.”

बुवा म्हणाले होते, “असं बोलू नये.”

“बोललो, बुवा.”

त्या खुरप्याशिवाय हैबतीकडे दुसरं काहीच नव्हतं. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मग शोध सुरू झाला.

तालुक्याहून बुवांना भेटायला शेतकी खात्यातले एक साहेब आले. हैबतीने त्यांचा चहासुद्धा होऊ दिला नाही, ओढतच बागेत नेलं. साहेबांनी मोबाईल काढला, रोपाचा फोटो घेतला. मोबाईलने तीन नावं दिली. तिन्ही वेगळी, आणि एक झाड तर आपल्या देशातच येत नाही म्हणे.

“तिन्हींतलं कंचं?” हैबतीने विचारलं.

“तेवढं तुम्ही बघा,” साहेब म्हणाले.

मग गावातले वैद्य आले. त्यांनी चिमटीत पान धरलं, डोळे मिटले आणि सांगितलं, “सालवण.”

“सालवणीला एकेक पान असतं, वैद्यबुवा,” हैबती म्हणाला. “हितं तीन-तीन पानं हायेत एका देठाला.”

वैद्यांनी डोळे उघडले. त्यानंतर ते त्या विषयावर बोलले नाहीत.

खालच्या आळीतला एक शेतकरी म्हणाला, “तूर हाय.” हैबती त्याच्यावर उखडलाच. तुरीचं पान लांब आणि टोकदार असतं, ह्याचं आखूड आणि गोलसर. तुरीचं पान हिरवं, ह्याच्या पाठीला करडी लव. इतकंही दिसत नाही? शेतकरी म्हणाला, “बरं बाबा, नसंल तूर,” आणि चपला घालून गेला.

मी हे एवढ्यासाठी सांगतो, की हैबतीला झाडांतलं कळत नव्हतं असं कोणाला वाटू नये. त्याला फार कळत होतं. आजवर कोणाला काही विचारायची वेळच त्याच्यावर आली नव्हती, म्हणून विचारावं कोणाला हे त्याला कळत नव्हतं.

बुवा चार-आठ दिवसांनी बागेवरून जात. थांबत.

“नाव?”

“न्हाई, बुवा.”

बुवा पुढे जात.

भाद्रपद गेला. दिवाळी आली. ते रोप गुडघ्याएवढं झालं, त्याला फांद्या फुटल्या, आणि त्यातली एक फांदी चंदनावर सरळ रेलली. हैबतीला ते बघवत नव्हतं. सकाळी उठून तो आधी चंदनाची पानं मोजायचा. दिवाळीनंतरच ती पिवळी पडायची, दर वर्षी. ह्याही वर्षी पडणार आणि आपण हात बांधून बघत बसणार, ह्या विचाराने त्याचं जेवण कमी झालं. मी भाकरी वाढायचो, तो अर्धी परत करायचा.

एकदा त्याने मला हळूच विचारलं, “अण्णा, मीच एक नाव ठिवलं तर?”

“म्हणजे?”

“म्हंजी आसंच. ‘गंगू’ म्हनायचं आन् बोलवायचं.”

“बुवांना विचार.”

त्याने खरोखर विचारलं. बुवा हसले.

“तुला उद्या मी ‘सखाराम’ म्हणून हाक मारली, तर येशील का?”

हैबती परत आला आणि पुन्हा पानं मोजायला बसला.

कार्तिक संपला. पानं पिवळी पडली नाहीत.

मार्गशीर्षात चंदनाच्या शेंड्याला नवी पालवी आली. तांबूस, कोवळी, नखाएवढी. हैबतीने मला हाताला धरून दाखवायला नेलं. सहा वर्षांत ती त्याने कधी पाहिली नव्हती.

“लेंडीखत लागू पडलं ह्या खेपंला,” तो म्हणाला. “हे बांडगूळ नसतं तर आत्तापतूर कमरंला लागला असता.”

बुवा मागेच उभे होते. त्यांनी पालवीकडे पाहिलं, मग त्या बिननावाच्या रोपाकडे.

“नाव?” त्यांनी विचारलं.

हैबतीने मान हलवली.

पौषात ठकूबाई आली. ठकूबाई वरच्या पठारावरची धनगरीण. महिन्यातून एकदा गाढवावर लेंडीखताची दोन पोती टाकून उतरते, बागेच्या फाटकाशी रिकामी करते, कोठीवर येऊन तांब्याभर ताक पिते आणि जाते. त्या दिवशी पाट फुटून फाटकाशी चिखल झाला होता म्हणून ती पोतं घेऊन आत आली. चंदनाच्या आळ्यापाशी थबकली. आणि हसायलाच लागली.

“आगं बया! ही हितं कशी आली?”

हैबती पाणी घालत होता. झारी तशीच तिरकी राहिली, पाणी त्याच्या पायावर सांडत राहिलं.

“वळखता?” त्याने विचारलं.

“न वळखाया काय झालं? रानतूर न्हवं ही. आमच्या वाड्याम्होरं ढीग हाय. शेरडं वरबाडून खात्यात. लेंड्यांतनं आली आसंल.”

“रान… तूर?”

“रानतूर. ही बगा की फुलं.”

खरंच, त्या सकाळीच दोन कळ्या उमलल्या होत्या. पिवळ्या, थेट तुरीच्या फुलासारख्या, अंगाने थोड्या लहान. हैबतीने गुडघ्यावर बसून फूल उलगडून बघितलं. पाकळ्या मोजल्या. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. खालच्या आळीतला शेतकरी अगदीच चुकला नव्हता.

“ठकूबाई, पाच महिनं झालं मी ह्याचं नाव हुडकतोय!”

“मग मला इचारायचं.”

“तुमी दर महिन्याला येताय की हितं!”

“येतीया. तुमी पोतं उतरून घेता आन् त्वांड फिरवता.”

हैबती ओशाळला. पण ते क्षणभरच. दुसऱ्या क्षणी तो उठला आणि मठभर पळत सुटला. साठी उलटलेला माणूस, धोतराचा सोगा हातात, “रानतूर! रानतूर!” असं ओरडत. पोथी वाचणाऱ्यांनी पोथी थांबवली. स्वयंपाकघरातल्या बायका पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. ठकूबाईला त्याने ताकाऐवजी दूध द्यायला लावलं, माझ्या परवानगीशिवाय.

संध्याकाळी त्याने एकच मूठ अक्षत घेतली. उधळली नाही. खाली बसून बोटांनी बुडाशी ठेवली.

“रानतूरबाई,” तो म्हणाला, “उद्या सकाळी तुला न्यायला येतोय.”

सात वर्षांत एका झाडापुढे बसून त्याने एवढं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

सकाळी सगळा मठ आळ्याभोवती जमला. हैबतीने अंघोळ करून, गंध लावून, धार लावलेलं खुरपं आणलं होतं. बुवा आले. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि सरळ मातीत बसले.

“खुरपं नको,” म्हणाले.

“बुवा, आता तर नाव घिऊन—”

“हो ना. नावाने बोलावलंस. मग तोडून कशी नेतोस? हाताने काढ. मूळ तुटू देऊ नको.”

हैबतीने माझ्याकडे पाहिलं. मी तांब्या भरून दिला. तो बोटांनी माती सैल करू लागला; थोडी माती, थोडं पाणी, पुन्हा माती. ऊन चढलं. दोघंतिघं कंटाळून गेले. बुवा हलले नाहीत.

मुळं उघडी पडू लागली. हैबतीने एक मूळ धुऊन बोटावर घेतलं.

“गाठी हायेत,” तो म्हणाला. “तुरीच्या जातीला मुळावर गाठी असत्यातच. त्यात नवं काय न्हाई.”

“कोणाच्या गाठी?” बुवांनी विचारलं.

“हिच्याच. रानतुरीच्या.”

“सगळ्या?”

हैबती खाली वाकला. त्याचं नाक जवळजवळ मातीला लागलं. एक गाठ त्याने नखाने सोलली. ती गोल होती, मुळातूनच फुगलेली. ती हिचीच. तिच्यापलीकडे दुसरी होती. ती चपटी, फिकट, मुळाला बाहेरून चिकटलेली. ती एका बारीक, दोऱ्याएवढ्या मुळाच्या टोकाला होती.

त्याने त्या दोऱ्याचा माग काढायला सुरुवात केली. पाणी सोडत, माती बाजूला करत, बोटभर, दोन बोटं. मूळ वळलं. तोही वळला.

दोरा चंदनाच्या बुडाशी गेला.

त्याने दुसरी चपटी गाठ शोधली. तिचा दोरा धरला. तोही चंदनाकडे. तिसरी. पाचवी. तो आता कोणाकडे बघत नव्हता. एकही मूळ तुटलं नाही.

“बुवा…”

“बोल.”

“ही मुळं चंदनाची हायेत.”

“बरं.”

“हिनं ह्याला धरलेलं न्हाई. ह्यानं… ह्यानं हिला धरलंय. ह्याची मुळं हिच्या मुळांत घुसल्यात. ह्यो हिच्यावर जगतोय, बुवा.”

स्वयंपाकघरातली एक म्हातारी पुढे वाकून बघत होती, तिने तोंडाला पदर लावला.

हैबती मागे सरकून मातीतच बसला. मग जे बोलला ते माझ्याकडे बघून नव्हे, बुवांकडे बघूनही नव्हे.

“पयला आनला तवा पिशवीत त्याच्याजवळ कायतरी उगवलेलं हुतं. म्या पयलं त्ये काढून टाकलं. दुसऱ्याच्या पिशवीत बी हुतं. तिसऱ्याच्या बी. रोपवाटिकावाला कायतरी सांगाय लागला, मी म्हनलं, बावीस वर्सं बाग केलीया, मला शिकवू नका. आन् आळ्यात तर काडी ऱ्हाऊ दिली न्हाई. सा वर्सं. लख्ख ठिवलं…”

“साच्या सा म्याच मारली.”

मला त्या वेळी हैबतीची फार दया आली. पुदिन्याचं वगैरे मी विसरलो.

“बुवा,” हैबतीने वर पाहिलं, “तुमास्नी ठावं हुतं?”

“मला?” बुवा म्हणाले. “नाही रे. सहाही डोळ्यांदेखत गेली. मी समजत होतो, आपली जमीनच वाईट.”

“मग मला थांबवलं कशापायी?”

“रीत आहे म्हणून.”

“निस्ती रीत?”

“नुसती रीत. मला आत्ता कळलं, तुझ्याबरोबर.”

आणि बुवा हसायला लागले. आमचे बुवा हसतात ते ओठांतल्या ओठांत. त्या दिवशी मात्र पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, ऐंशीव्या वर्षी काहीतरी नवं सापडलं म्हणून. ते बघून हैबतीही आधी रडता रडता आणि मग नुसताच हसू लागला. मग आम्ही सगळेच.

हसता हसता हैबती एकदम उठला.

“अहो, पन जगला की!” तो ओरडला. “सातवा जगला! बुवा, चंदन जगला!”

तेव्हा कुठे आम्हाला भान आलं. सहा रोपं गेली त्या मातीत सातवं पालवी घेऊन उभं होतं, आणि ते का उभं आहे हे आता माणसांना ठाऊक झालं होतं. कोणीतरी शंख वाजवला. टाळ आले. पोथीवाल्यांनी पोथी बांधली आणि भजन धरलं, भर सकाळी, कुठलाही सण नसताना. मी कोठीत जाऊन रवा भाजायला घेतला, तूप मोजलं नाही.

हैबतीने दोन्ही हातांनी माती परत लोटली. मुळांवर हळूच दाबली, वरून पाणी घातलं. मग त्याला काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा गोंधळला.

“बुवा, काल सांजचं मी हिला बोलावून बसलोय. न्यायला येतो म्हनलो हुतो.”

“तुझं आणि तिचं आहे ते,” बुवा म्हणाले. “तू बघ.”

हैबतीने माझ्याकडून पुन्हा मूठभर अक्षत मागून घेतली. खाली बसला.

“न्यायला येत न्हाई,” तो रोपाला म्हणाला. “ऱ्हा बाई तू. माजं चुकलं.”

पुढच्या महिन्यात त्याने चंदनाच्या चारी बाजूंना तूर टोकली, थोडी चवळी पेरली, आणि ठकूबाईला विचारून पठारावरून आणखी रानतुरीचं बी आणलं. त्या रोपवाटिकावाल्याकडे तो बस पकडून गेला, त्याच्यापुढे हात जोडले आणि दोन तास नुसतं ऐकून आला. येताना तीन चंदनं घेऊन आला, पिशवीतल्या सोबत्यांसकट.

खुरपं कुठे ठेवायची वेळ आलीच नाही.

चैत्रात मठाचा उत्सव असतो. त्या वर्षी पाच गावची माणसं लोटली, आणि समाधीपेक्षा जास्त गर्दी बागेत होती. आठ वर्षांनी मठात चंदन उभं राहिलं, ही बातमी ठकूबाईच्या गाढवाबरोबर पठारापर्यंत गेली होती. चंदन आता कमरेला लागत होतं. हैबतीने आळ्याभोवती रांगोळी काढली होती. तो फाटकाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला सगळी हकीकत सांगत होता, मोठ्या आवाजात, आणि सुरुवातच करायचा, “पयली सा म्या मारली, बरं का!” लोक हसायचे. तोही हसायचा. असा हैबती मी आधी पाहिला नव्हता.

लोक रांगेने येत, चंदनाला हळदकुंकू वाहत, माथा टेकत. कोणी हार घातला. एका म्हाताऱ्याने फेटा काढून बाजूला ठेवला आणि लोटांगण घातलं. शेजारची रानतूर कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. तिचा फुलोरा गेला होता, शेंगा वाळल्या होत्या, निम्मी पानं झडली होती. दोघातिघांनी तर नमस्काराला जागा व्हावी म्हणून तिची फांदी बाजूला सारली.

मग बुवा आले.

गर्दी दुभंगली. रांग थांबली. हैबती धावत पुढे झाला, त्याने बुवांच्या हातात फुलं दिली आणि चंदनासमोरची जागा मोकळी करून दिली. त्याचं तोंड उजळलं होतं. बुवांचा माथा आपल्या चंदनापुढे टेकणार, याच घटकेची तो आषाढापासून वाट बघत होता.

बुवा चंदनापाशी आले… आणि पुढे गेले.

दोन पावलांवर ते खाली बसले. सगळी फुलं त्या रानतुरीच्या बुडाशी ठेवली. हात जोडले. मग वाकून मातीला माथा लावला, आणि आम्हाला वाटलं त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ तसेच राहिले.

लोक एकमेकांकडे बघू लागले. मागून कोणीतरी कुजबुजलं, बुवांना आता नीट दिसत नाही.

हैबती खाली वाकला. बुवांच्या कानाशी, मानाने, हळूच म्हणाला, “बुवा… चंदन ह्यो हाय. हिकडं.”

बुवा उठले. कपाळाची माती पुसली नाही.

“माहीत आहे, हैबती,” ते म्हणाले. “जेवत असलेल्याला नमस्कार करत नाहीत.”